तळहातावरची नावे

पत्त्यांची वही हा घरातला एक दुर्लक्षित ग्रंथ होय. धर्मग्रंथ कपाटात जपून ठेवलेला असतो, दिनदर्शिका भिंतीवर मानाने टांगलेली असते. परंतु ज्या वहीत आपल्या जिवाभावाची सारी माणसे एकत्र नांदतात, ती वही बहुधा दूरध्वनीखालच्या खणात, कोपरे दुमडलेल्या अवस्थेत पडलेली असते. तिच्यात खाडाखोडही फार. माणसे घरे बदलतात, मुली सासरी जातात, धर्मगुरूंच्या बदल्या होतात, धर्मभगिनी एका मठातून दुसऱ्या मठात जातात, आणि प्रत्येक वेळी एक ओळ खोडून तिच्यावर दुसरी लिहिली जाते. काही ओळी मात्र खोडल्या जात नाहीत आणि बदलल्याही जात नाहीत. त्या माणसांचा नवा पत्ता आपल्याला लिहिता येत नाही.

अशी वही आम्ही गेली तीस वर्षे कागदावर न ठेवता यंत्रात ठेवत आलो आहोत. १९९४ पासून २०१७ पर्यंत ती हातात मावणाऱ्या टिपणयंत्रांत होती. २०१७ साली ती एका लहान स्मार्टफोनमध्ये आली. यंत्रांची थोरवी गावी किंवा त्यांना नावे ठेवावीत, असा या लेखाचा हेतू नाही. दोन्ही गोष्टी आजवर पुष्कळांनी केल्या आहेत. परंतु नावांचे ते बिऱ्हाड एका यंत्रातून दुसऱ्या यंत्रात हलवताना आमच्यापुढे एक प्रश्न उभा राहिला, आणि तो आज घरोघरी उभा राहत असेल असे वाटते. जी माणसे देवाघरी गेली, त्यांच्या नावांचे काय करावयाचे?

प्रथम त्या यंत्रांविषयी थोडेसे सांगितले पाहिजे, कारण नव्या पिढीला ती ठाऊक नाहीत. इंग्लंडातील सायन नावाच्या कंपनीने १९८४ साली ‘ऑर्गनायझर’ हे खिशात मावणारे यंत्र बाजारात आणले. पुढे जपानच्या शार्प, कॅसिओ या कंपन्यांनी चष्म्याच्या घरासारखी मिटणारी, बारीक कळफलकाची यंत्रे काढली. आपल्याकडे त्यांना सरसकट ‘डिजिटल डायरी’ म्हणत. आखाती देशांतून सुट्टीवर येणाऱ्या नातलगांच्या सामानात चॉकलेटे आणि सुवासिक साबण यांच्या जोडीला ही डायरी असे. बत्तीस किंवा चौसष्ट किलोबाइट एवढीच तिची स्मरणशक्ती. आजच्या भ्रमणध्वनीने काढलेल्या एका छायाचित्राला याच्या कितीतरी पट जागा लागते. तरीही शेकडो नावे, त्यांचे दूरध्वनी क्रमांक व जन्मदिवस तिच्यात सुखाने राहत.

ती स्मरणशक्ती दोन बटणसेलांवर जगे. एक मुख्य, दुसरा राखीव. मुख्य सेल बदलेपर्यंत राखीव सेल नावे सांभाळी. दोन्ही एकाच वेळी काढले की सगळी पाटी कोरी. म्हणून दर वर्षी आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी सेल बदलण्याचा आम्ही नेम ठेवला होता. ख्रिस्तसभेचे नवे वर्ष त्या दिवशी सुरू होते, तेव्हा नावांच्या नव्या वर्षाची तजवीजही त्याच दिवशी झालेली बरी, एवढाच त्यात विचार.

मिटणाऱ्या त्या डायरीकडे पाहून आम्हाला ख्रिस्तसभेच्या इतिहासातील एका जुन्या वस्तूची आठवण होई. रोमन काळात लोक लाकडाच्या दोन पाट्या बिजागरीने जोडून, आतल्या बाजूस मेण भरून, त्यावर अणकुचीदार लेखणीने टिपणे लिहीत आणि लेखणीच्या चपट्या टोकाने ती पुसत. या जोडपाटीला ग्रीक भाषेत ‘दुहेरी घडीची’ अशा अर्थाचे नाव होते, त्यावरून इतिहासकार तिला ‘डिप्टिक’ म्हणतात. हस्तिदंताच्या, वरच्या बाजूस कोरीव काम केलेल्या अशा पाट्या आजही युरोपातील संग्रहालयांत पाहावयास मिळतात. प्राचीन ख्रिस्तसभेने हीच रोजच्या व्यवहारातली वस्तू वेदीपाशी नेली. तिच्यात जिवंतांची व मृतांची नावे लिहिली जात आणि मिस्साबलिदानाच्या वेळी ती वाचली जात. एखाद्या महागुरूंचे नाव त्या पाटीवरून काढणे म्हणजे त्यांच्याशी असलेले ऐक्य तोडणे, इतके त्या नावांचे मोल होते. आजही मिस्साच्या पहिल्या महाप्रार्थनेत, म्हणजे प्राचीन रोमन कॅननमध्ये, जिवंतांच्या स्मरणासाठी एक जागा आहे आणि मृतांच्या स्मरणासाठी दुसरी. तेथे धर्मगुरू क्षणभर थांबतात. त्या क्षणभराच्या शांततेत प्रत्येकाने आपापली वही मनातल्या मनात उघडावी, अशी अपेक्षा असते.

आमचे दुसरे यंत्र २००१ साली आले आणि ते पाम या कंपनीचे होते. पाम म्हणजे तळहात. त्याचे जनक जेफ हॉकिन्स यांच्याविषयी एक गोष्ट प्रसिद्ध आहे व ती खरी आहे. यंत्र बनवण्याआधी त्यांनी सदऱ्याच्या खिशात बसेल एवढा लाकडाचा ठोकळा कापून घेतला आणि तो ते खिशात घेऊन हिंडू लागले. कुणी भेटीची वेळ विचारली की ते ठोकळा बाहेर काढत आणि त्यावर लिहिल्यासारखे करीत. माणूस अशा वस्तूशी कसा वागेल, हे त्यांना वस्तू जन्माला येण्याआधी पाहावयाचे होते. त्यातून १९९६ च्या मार्चमध्ये ‘पायलट’ नावाचे पहिले यंत्र बाहेर पडले. उभे-आडवे १६० ठिपक्यांचा करडा पडदा, दोन बारीक पेन्सिल सेल, एक काडीसारखी लेखणी. रंग नाहीत, गाणी नाहीत. नावे, तारखा, कामांची यादी आणि टिपणे अशी चार खाती, आणि घरच्या संगणकाला जोडून एक बटण दाबले की त्या सर्वांची दुसरी प्रत तयार.

त्याच्या आधी, १९९३ साली, अॅपल कंपनीने ‘न्यूटन’ नावाचे यंत्र काढले होते. माणसाचे कसेही हस्ताक्षर वाचावे अशी त्याची महत्त्वाकांक्षा होती. सुरुवातीच्या चुकीच्या वाचनामुळे त्याचे हसे झाले, आणि पुढे सुधारणा होऊनही १९९८ साली ते बंद पडले. हॉकिन्स यांनी उलट वाट धरली. यंत्राने माणसाचे अक्षर शिकण्याऐवजी माणसाने थोडे यंत्राचे अक्षर शिकावे. ‘ग्राफिटी’ नावाच्या त्या लिपीत बहुतेक अक्षरे हात न उचलता एका फटकाऱ्यात काढावयाची. इंग्रजी ए अक्षराला आडवी रेघ द्यायची नाही, नुसता घराच्या छपरासारखा कोन काढायचा. चाळिशी उलटल्यावर आम्ही पुन्हा मुळाक्षरे गिरवू लागलो आणि आठवड्याभरात ती आली देखील.

परंतु ती मुळाक्षरे आमची नव्हती. सगळी नावे रोमन लिपीत लिहावी लागत. ‘साळवे’ आणि ‘सालवे’ यांत यंत्राला भेद नव्हता. ‘बाळू’ आणि ‘बालू’ एकच. आपल्या समाजातली नावे आधीच लांबचा प्रवास करून आलेली. कुठे पेद्रू, कुठे आंतोन, कुठे इनास; नगरकडच्या कुटुंबांत संताच्या नावापुढे गायकवाड किंवा पारखे. या नावांना मराठी जिभेने एक वळण दिले आहे आणि ते देवनागरीतच नीट दिसते. रोमन अक्षरांत ती माणसे परगावी कचेरीत रांगेला उभी राहिल्यासारखी दिसत.

या बाबतीत मात्र आमची परंपरा थोर म्हणावी लागेल. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यात रायतूर येथे छापले गेले. भाषा मराठी, ओवी मराठी, आणि अक्षरे रोमन. देवनागरीचे खिळे त्या छापखान्यात नव्हते. संपूर्ण पुराण देवनागरीत छापलेले पाहण्यासाठी मराठी वाचकाला १९५६ पर्यंत थांबावे लागले. पुण्याच्या शांताराम बंडेलू यांच्या संपादनाने ते घडले. तीनशे चाळीस वर्षे एक महाकाव्य परक्या अक्षरांत वाट पाहत होते. त्या मानाने आमच्या यादीची वीसेक वर्षे म्हणजे काहीच नव्हेत.

देवनागरीला यंत्रात स्थान मिळवून देण्याचे काम आमच्या शेजारीच चालले होते. आम्ही राहतो त्या भुकूमजवळ रामनदीचा उगम आहे. भूगाव, बावधन करीत ती पाषाणकडे जाते आणि पुढे मुळेला मिळते. या पुण्यातच १९८८ साली सी-डॅक ही संस्था स्थापन झाली आणि भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचे कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेले काम तिने पुढे नेले. भारतीय लिप्यांच्या सांकेतिक मांडणीचे राष्ट्रीय मानक १९९१ साली ठरले. त्याच वर्षी युनिकोड या जागतिक मानकाची पहिली आवृत्ती निघाली आणि तिच्यातील देवनागरीची मांडणी भारतीय मानकाच्या आधीच्या मसुद्यावरूनच घेतलेली होती. अक्षरांना जगात जागा मिळाली, पण तळहातावरच्या यंत्रात यायला त्यांना बराच काळ लागला.

एका भारतीय यंत्राने तो प्रयत्न केला होता. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील प्राध्यापक आणि तेथीलच एका संगणक कंपनीतील अभियंते यांनी मिळून ‘सिंप्युटर’ नावाच्या हातातल्या संगणकाचा आराखडा केला. तो स्वस्त असावा, भारतीय भाषांत चालावा, अक्षरओळख नसलेल्याला मजकूर वाचून दाखवावा, आणि एकच यंत्र साऱ्या गावाने आळीपाळीने वापरावे म्हणून प्रत्येकाची माहिती आपापल्या कार्डात राहावी, अशी ती योजना होती. २००४ साली भारत इलेक्ट्रॉनिक्सच्या साहाय्याने तो ‘अमिडा सिंप्युटर’ या नावाने विक्रीला आला. परंतु वेळ निघून गेली होती. २००३ च्या मे महिन्यापासून भ्रमणध्वनीवर येणारे फोन फुकट झाले, त्याच वर्षी विजेरी असलेला नोकियाचा साधा फोन खेडोपाडी पोचू लागला, आणि सिंप्युटर फारसा खपला नाही. खेड्यातल्या माणसाला टिपणे ठेवण्याआधी बोलावयाचे होते. त्याची मुले पुणे-मुंबईला गेली होती आणि त्यांचा आवाज त्याला ऐकावयाचा होता.

आम्ही स्वतः पुष्कळ वर्षे दोन यंत्रे बाळगली. एका खिशात बोलण्यासाठी साधा बटणांचा फोन, दुसऱ्या खिशात पाम. घरची मंडळी हसत. पण पामचे काम वेगळे होते. त्यात आम्ही प्रत्येक नावापुढे स्नानसंस्काराची तारीख आणि नामसंताचा सण लिहीत होतो. आमच्या धर्मपुत्रांचे व धर्मपुत्रींचे वाढदिवस होते. लग्न झालेल्या जोडप्यांची वर्षे होती. आणि एखादे माणूस वारले की त्याच्या नावाआधी आम्ही अधिकचे चिन्ह घालत असू. दिसायला तो क्रूसच. शेजारी मृत्यूची तारीख. याचा एक परिणाम यंत्राच्या रीतीप्रमाणे आपोआप झाला. वर्णानुक्रम लावताना चिन्हे अक्षरांच्या आधी येतात. त्यामुळे यादी उघडली की प्रथम आमचे दिवंगत भेटत आणि त्यांच्यानंतर जिवंत माणसे सुरू होत. कुणाचाही नंबर शोधावयाचा तर आजोबा, आत्या, जुने शाळामास्तर, आम्हाला पहिला ख्रिस्तप्रसाद देणारे फादर यांच्या अंगणातून पुढे जावे लागे. सुरुवातीला त्या ओटीवर सात-आठ जण होते. २०१७ पर्यंत ते एकसष्ट झाले.

त्या वर्षी यंत्र बदलावेच लागले. पाम कंपनी २०१० साली एच.पी.ने विकत घेतली होती आणि २०११ च्या ऑगस्टमध्ये ती यंत्रे काढणेच बंद झाले. आमचे जुने यंत्र संगणकाच्या ज्या खाचेत जोडले जाई, ती खाच नव्या संगणकांना राहिली नव्हती. म्हणजे दुसरी प्रत काढण्याची सोय संपली आणि सगळी नावे दोन पेन्सिल सेलांवर येऊन ठेपली. मोठ्या पडद्याचे फोन आम्हाला नको होते. ते हातात धरले की पाटी धरल्यासारखे वाटते. चार इंची पडद्याचा एक लहान फोन आदल्या वर्षी निघाला होता, वजन अवघे ११३ ग्रॅम. तो सदऱ्याच्या खिशात बसला. हॉकिन्स यांच्या लाकडी ठोकळ्याचाच तो वंशज म्हणावयाचा.

नावे हलवण्यासाठी आमचा भाचा एका शनिवारी पुण्याहून आला. त्याने कुणाकडून तरी जुना संगणक मिळवला होता. संध्याकाळपर्यंत पाममधली यादी कागदी तक्त्यासारख्या एका फाइलीत उतरली. ती वाचता वाचता तो म्हणाला, “मामा, ही अधिकची खूण असलेली नावं काढून टाकू ना? हे नंबर तर आता चालूच नसतील.”

“ती राहू देत,” आम्ही म्हणालो.

“पण मग फोन करायला गेलात की दर वेळी तीच समोर येतील.”

“म्हणूनच राहू देत.”

तो काही बोलला नाही. चारशेच्या आसपास नावे नव्या फोनमध्ये गेली. मग आम्ही रोज रात्री दहा-पंधरा नावे घेऊन ती देवनागरीत लिहू लागलो. ‘साळवे’ पुन्हा साळवे झाले. आईचे नाव वहीत ज्या नावाने आम्ही तिला हाक मारत असू त्याच नावाने होते. ते आम्ही ‘बाई’ असे लिहिले.

बाई २०१५ साली गेली. शेवटची काही वर्षे तिच्याजवळ साधा फोन होता आणि त्याचा उपयोग ती मुख्यतः जपमाळेच्या बायकांशी बोलण्यासाठी करी. ती गेल्यावर तो क्रमांक तसाच राहिला आणि न वापरल्यामुळे कधीतरी बंद झाला. नव्या फोनमध्ये निरोपांचे एक अॅप भाच्याने घालून दिले होते. दोन-तीन आठवड्यांनी, सकाळी देवदूताची प्रार्थना म्हणत असताना फोन वाजला आणि पडद्यावर ओळ उमटली की बाई आता या अॅपवर आलेली आहे. तिच्या नावाखाली मोटारसायकलवर बसलेल्या एका तरुणाचे छायाचित्र होते.

क्रमांक दुसऱ्याला देण्यात आला होता, एवढेच त्याचे स्पष्टीकरण. बंद झालेले क्रमांक काही काळ मोकळे ठेवून नव्या ग्राहकांना देतात. हा काळ किमान नव्वद दिवसांचा असतो असे दूरसंचार नियामकाने सर्वोच्च न्यायालयात सांगितले आणि जुन्या क्रमांकावरची आपली माहिती ग्राहकाने स्वतःच काढून घ्यावी असे न्यायालयाने २०२३ साली म्हटले. देशाच्या एवढ्या मोठ्या लोकसंख्येला क्रमांक पुरवायचे तर दुसरा इलाज नसावा. हे सगळे बुद्धीला पटते. पण त्या सकाळी बुद्धी जरा मागे राहिली होती.

दुपारी आम्ही त्या क्रमांकाला फोन केला. कशासाठी, ते नीट सांगता येणार नाही. पलीकडून तरुण आवाज आला. आम्ही आमची ओळख दिली आणि हा क्रमांक पूर्वी आमच्या आईचा होता, एवढे सांगितले.

“हो का काका?” तो म्हणाला. “मला वाटलंच होतं कुणीतरी फोन करेल. मला त्यांच्यासाठी अजून फोन येतात. एक आजी आहेत, त्या दर महिन्याला करतात, जपमाळेला या म्हणून. मी एकदा सांगितलं की हा नंबर आता माझा आहे, पण त्या विसरतात. मग मी आता हो म्हणतो.”

आम्ही विचारले, हो म्हणजे काय?

“हो, निरोप देतो, असं म्हणतो. त्यांना बरं वाटतं.” थोडे थांबून त्याने विचारले, “त्या नाहीत ना आता?”

“दोन वर्षं झाली.”

“मग त्या आजींना तुम्हीच सांगा काका. माझ्याच्यानं होत नाही.”

त्या आजी कोण हे आम्ही ओळखले. त्याच आठवड्यात त्यांच्याकडे जाऊन आलो. आई गेल्याचे त्यांना ठाऊक होते. अंत्यविधीला त्या आल्या होत्या. आम्ही पुन्हा सांगितले तेव्हा त्यांनी मान हलवली, आमच्या हातावर हात ठेवला, आणि म्हणाल्या, “पण जपमाळेत तिची जागा आम्ही अजून सोडतो हो.” त्या स्मृतिभ्रंशात किती शहाणपण होते, हे आम्हाला सांगता येत नाही. त्या आजीही २०२१ साली गेल्या.

त्यानंतर आम्ही एक रीत पाडली. दिवंगतांच्या नावासमोरचा क्रमांक काढून टाकायचा आणि नाव ठेवायचे. क्रमांक हे उसने घेतलेले घर आहे. त्यात दुसरे कुणी राहावयास आले तर त्याला आनंदाने राहू द्यावे. तो तरुण आजही आमच्या यादीत आहे, त्याच्या स्वतःच्या नावाने. नाताळला आम्ही त्याला शुभेच्छा पाठवतो, दिवाळीला तो आम्हाला पाठवतो. नाव मात्र कुणाला पुन्हा देता येत नाही. उत्तम मेंढपाळ आपल्या मेंढरांना एकेकाच्या नावाने हाक मारतो, असे प्रभूने सांगितले आहे. तो कळप मोजतो असे सांगितलेले नाही.

जुन्या टिपणयंत्रात आणि नव्या फोनमध्ये मुख्य फरक कोणता, असे कुणी विचारले तर आम्ही असे सांगू. टिपणयंत्र गप्प असे. आपण उघडल्याशिवाय ते बोलत नसे, आणि त्यात आपण ठेवले तेवढेच सापडे. फोन दिवसभर आपल्याला हाक मारतो, आणि ती हाक बहुतेक वेळा अशा माणसांची असते जी आपल्याला ओळखत नाहीत. पोप फ्रान्सिस यांनी २०१७ साली, म्हणजे आमचे बिऱ्हाड हलले त्याच वर्षी, ५ मार्चच्या रविवारी संत पेत्राच्या चौकात एक प्रश्न विचारला होता. आपण फोनला जसे वागवतो तसे बायबलला वागवले तर काय होईल? विसरले तर अर्ध्या वाटेवरून परत येऊ, दिवसातून अनेकदा उघडू, त्यातले निरोप वाचू. त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला त्यांनी मिस्साच्या वेळी फोन उंच धरणाऱ्यांबद्दल खेद व्यक्त केला आणि त्यांत धर्मगुरू व महागुरूही असतात, हे सांगावयास ते विसरले नाहीत.

तरी फोनचे उपकारही मोजले पाहिजेत. २०२० च्या टाळेबंदीत चर्चची दारे बंद झाली, तेव्हा याच चार इंची पडद्यावर आम्ही २७ मार्चची ती संध्याकाळ पाहिली. पावसाने भिजलेला रिकामा चौक आणि त्यात एकटे चालत जाणारे वृद्ध पोप. त्या काळात ज्यांना आपल्या माणसांच्या दफनविधीला जाता आले नाही, त्यांनी ते विधी तळहातावर पाहिले. ते पुरेसे नव्हते, पण त्या दिवसांत तेवढेच होते. आमच्या क्रूसाच्या खुणा त्या दोन वर्षांत भराभर वाढल्या. नव्या फोनमध्येही त्या नावांआधीच येतात. त्या बाबतीत यंत्राने आपली रीत सोडलेली नाही.

२ नोव्हेंबर हा सर्व मृतांच्या स्मरणाचा दिवस पाळण्याची प्रथा क्लूनीचे मठाधिपती संत ओदिलो यांनी सुमारे हजार वर्षांपूर्वी आपल्या मठांत घालून दिली आणि तेथून ती साऱ्या ख्रिस्तसभेत पसरली. आमच्या धर्मग्रामात त्या महिन्यात वेदीजवळ एक पेटी ठेवतात. प्रत्येक कुटुंबाने आपल्या दिवंगतांची नावे कागदावर लिहून तिच्यात घालावयाची. भाच्याने सुचवले होते की फोनमधली यादी सरळ छापून घ्यावी; दोन मिनिटांचे काम. आम्ही ती हाताने लिहितो. फोन टेबलावर उभा करायचा, एकेक नाव वाचायचे आणि कागदावर उतरवायचे. गेल्या वर्षी शहाण्णव नावे झाली. अख्खी संध्याकाळ गेली, कारण प्रत्येक नावापाशी काहीतरी आठवते आणि लेखणी थांबते. कुणाचे हसणे, कुणाशी राहून गेलेले बोलणे, कुणाच्या घरची नाताळची नेवरी. छपाईयंत्र तसे थांबत नाही.

यशया संदेष्ट्याच्या ग्रंथात, ४९ व्या अध्यायात, सियोनची तक्रार आहे की परमेश्वर आपल्याला विसरला. त्यावर परमेश्वर आईचा दाखला देतो, आणि मग सांगतो की त्याने तिला आपल्या तळहातांवर कोरून ठेवले आहे. आमच्या तळहातावरच्या यंत्रांना सेल लागत होते, आता वीज लागते. काही वर्षांनी हाही फोन थकेल आणि पुन्हा कुणाला तरी बोलावून नावे हलवावी लागतील. ते काम तोवर भाच्याची मुलगी करील असे दिसते. तिला आताच त्यात रस आहे. अधिकची खूण कशासाठी, हे तिने आम्हाला विचारले आणि आम्ही सांगितले. तिने यादी खालपर्यंत सरकवून पाहिली, खूण नसलेल्यांत आमचे नाव शोधले, आणि ते सापडल्यावर फोन परत दिला.